मदत हवी आहे: एक्सेलमध्ये खाली गेलं की वरची हेडिंग दिसत नाहीत (दूध संस्थेची शीट)

नमस्कार मंडळी, मी आमच्या गावातल्या दूध संस्थेचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवते. १८६ सभासद, दहा दिवसांचं बिल, रोज सकाळ-संध्याकाळ आणि दर वेळेला लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग), म्हणजे आडवे ६० कॉलम होतात. पहिल्या ओळीत संस्थेचं नाव, दुसरीत तारीख, तिसरीत सकाळ/संध्याकाळ, चौथीत लिटर-फॅट-एसएनएफ. आता शंभराव्या नावापर्यंत आलं की वरचं काहीच दिसत नाही आणि उजवीकडे सरकलं की नावंही जातात, मग आकडा कुणाचा नि कधीचा तेच कळत नाही. मागच्या बिलात एका आजींच्या म्हशीचं ७.२ फॅट खालच्या ओळीत गेलं आणि खालच्यांचं ६.१ आजींच्या नावावर पडलं. नंतर फरक दिला त्यांना, पण मला फार लागलं ते, त्यांचं घर दुधावरच चालतं.

फ्रीझ टॉप रो केलं तर नुसतं संस्थेचं नाव थांबतं. मग फ्रीझ फर्स्ट कॉलम केलं तर ते सुटलं आणि फक्त सभासद नंबर राहिले. दोन्ही एकदम कसं करायचं? उद्या बिल काढायचंय.

प्रतिसाद १:
ताई, ते दोन्ही ऑप्शन एकाच ओळीपुरते नाहीतर एकाच कॉलमपुरते आहेत, एक लावलं की दुसरं निघतं. नंबर ए मध्ये आणि नाव बी मध्ये असेल तर आधी अनफ्रीझ पेन्स करा, मग कंट्रोल होम दाबून शीट पार वर न्या. हे विसरू नका, वरच्या ओळी स्क्रीनबाहेर असताना फ्रीझ केलं तर त्या तिकडेच अडकतात, स्क्रोल करून पण सापडत नाहीत. आता सी५ वर क्लिक करा, व्ह्यू मध्ये फ्रीझ पेन्स, त्यातला पहिला ऑप्शन. आपण ज्या सेलवर असतो त्याच्या वरच्या ओळी आणि डावीकडचे कॉलम थांबतात, बाकी सगळं सरकतं.

धागाकर्ती:
झालं दादा!! चारही ओळी आणि नावं जागेवर आहेत. पण हीच शीट अध्यक्षांसाठी गूगल शीट्सवर नवीन बनवली तिथे ओळी फ्रीझ होतात, कॉलम होत नाहीत, एरर येतो.

प्रतिसाद २:
संस्थेचं नाव सगळ्या कॉलमवर मर्ज केलंय का, म्हणजे सेल जोडून एकच मोठा सेल केलाय का? मर्ज केलेल्या सेलचा अर्धाच भाग गूगल शीट्स फ्रीझ करू देत नाही. अनमर्ज करून नाव ए१ मध्येच ठेवा. आणि अध्यक्ष मोबाईलवर बघणार असतील तर नावाचा कॉलम अरुंद करा, नाहीतर अर्धी स्क्रीन त्यातच जाते आणि आकडे बघायला जागा उरत नाही.

प्रतिसाद १:
अजून एक, फ्रीझचा प्रिंटशी काही संबंध नाही. एक्सेलमध्ये पेज लेआउट, प्रिंट टायटल्स मध्ये जाऊन वर रिपीट होणाऱ्या ओळी १ ते ४ आणि डावीकडचे कॉलम ए ते बी द्या, म्हणजे प्रत्येक पानावर हेडिंग येईल.

धागाकर्ती:
मर्जच होतं, काढलं, आता तिथेही चालतंय. प्रिंटचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, सभासद पानं बघायला मागतात तेव्हा फार उपयोग होईल. आत्ताच आजींची ओळ काढून दहाही दिवस तपासले, नाव आणि तारीख दोन्ही समोर होतं. बरोबर आहेत सगळे आकडे.