व्होल्व्हो २४० इस्टेट (१९९०): रोज चालवायची आहे, कामांचा क्रम कसा लावू?

लांबगाडी

१९९० ची २४० इस्टेट (मागे सामानाची लांब जागा असलेली गाडी) हाताशी आली आहे. बी२३०एफ इंजिन, एलएच २.४ इंजेक्शन (कॉम्प्युटरवर चालणारं), एडब्ल्यू७० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. काही वर्षं उभीच होती, आता स्टार्ट होते आणि चालते. प्रदर्शनात मिरवायची नाही. रोज साधारण ६० किमी, त्यात निम्मा हायवे, मागे बऱ्यापैकी सामान.

तक्रारी अशा: स्पेअर चाकाच्या खोबणीत पाणी साठतं आणि तिथला पत्रा भुसभुशीत झालाय. मागचा वायपर आणि काच तापवणारी जाळी बंद. मागचं दार वर केलं की कधीकधी फ्यूज उडतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून तेल ठिबकतं. टाकी अर्ध्याखाली आली की चढावर गाडी झटके मारते. तापमानाचा काटा नाचतो.

रंग पार उडालाय, त्यामुळे आधी तो उरकावा असं मनात आहे. की आधी गिअरबॉक्स उतरवून इंजिनचं मागचं सील बदलू?

पाना_तेरा

दोन्ही नको. रंग सगळ्यात शेवटी. पाणी कुठून येतं हे शोधताना बाजूच्या काचा काढाव्या लागतील, पत्रा कापून वेल्डिंग करावं लागेल, आणि नव्या रंगाची वाट लागेल.

मागचं कार्पेट आणि बाजूची पॅनल पूर्ण काढा, सगळं कोरडं करा. जोडांवर खडूची पूड भुरभुरा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने होजने बारीक धार सोडायची, आणि ती खालून वर. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडेच ओलं दिसतं आणि काही कळत नाही. आधी मागच्या दिव्यांचं गॅस्केट, मग बाजूच्या लांब काचेच्या रबराचा खालचा कोपरा, मग दाराच्या रबराचे वरचे कोपरे, शेवटी बिजागऱ्या. प्रत्येक जागेला पाच मिनिटं द्या. इस्टेटमध्ये बहुतेक वेळा दोषी लांब काचेचं रबर किंवा दिव्याचं गॅस्केट निघतं.

काचेच्या रबराखाली व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन अजिबात भरू नका. सुकताना त्यातून अ‍ॅसिड सुटतं, पत्रा आतून गंजतो, आणि पुढे तिथे रंगही धरत नाही. न सुकणारं ब्युटिल सीलंट वापरा.

खोबणीचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज येईल तिथपर्यंत कापा. गंज मारायचं रसायन लावून वर लांबी (पुटी) भरणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतची सोय. तुकडा १ मिमी पत्र्याचा, टाके एकमेकांपासून २–३ सेंमी अंतरावर आणि आलटून पालटून, म्हणजे पत्रा ताणून वाकडा होणार नाही. पेट्रोलची टाकी तिथेच शेजारी खाली आहे. ती उतरवून लांब ठेवल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पाडायची नाही. बॅटरी आणि इंजेक्शनच्या कॉम्प्युटरचा प्लगही काढा. शेवटी झिंक प्रायमर, जोडांवर सीम सीलर, आणि रंग झाल्यावर पोकळ भागांत मेण.

मागच्या दाराच्या रबराकडे फक्त पाण्यासाठी पाहू नका. इस्टेट चालू असताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळत राहतो. रबर दबलेलं असलं की तो आत ओढला जातो. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर त्या जागी रबर संपलंय. लांब फळ्या नेताना दार अर्धवट उघडं ठेवून चालवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण.

अर्थिंग

दार उघडल्यावर फ्यूज उडतो म्हणजे बिजागरीतल्या वायरी. छतातून दारात जाताना त्या दर उघडझापीला वाकतात, वरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, तांबं उघडं पडतं आणि बॉडीला टेकतं. अर्थची वायर तुटली तर आणखी मजा: करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो, आणि वायपरचं बटण दाबलं की नंबर प्लेटचा दिवा मंद होतो.

तुटलेल्या जागी जोड मारून टेप गुंडाळू नका. जोड कडक होतो आणि त्याच्या शेजारी वायर पुन्हा तुटते. दाराचं आतलं पॅनल काढा, छताच्या कापडाची मागची कड सोडवा आणि वाकणारा पूर्ण भाग नवा टाका. वायर बारीक तारांची, सिलिकॉन आवरणाची. काचेच्या जाळीला आणि अर्थला २.५ चौ. मिमी, बाकीच्यांना १.५. जोड दोन्ही टोकांना सरळ भागात, एकाच ठिकाणी गठ्ठा न करता मागेपुढे. वायरी एकेक करून बदला. सगळ्या एकदम कापल्या तर जुने फिकट रंग ओळखता ओळखता संध्याकाळ होते.

फ्यूज पेटीही बघून घ्या. २४० मध्ये शेवटपर्यंत टोकदार टॉर्पेडो फ्यूज होते. त्यांच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि फ्यूज शाबूत असूनही करंट जात नाही. बॅटरी काढा, पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा, थोड्या आत दाबा, फ्यूज नवे घाला. बॅटरीजवळ इंजेक्शनचा २५ अँपिअरचा वेगळा फ्यूज असतो. त्याच्या होल्डरमध्ये गंज असला की गाडी काहीच कारण नसल्यासारखी बंद पडते.

१९८० ते ८७ च्या गाड्यांचं इंजिन हार्नेस (वायरींचा जुडगा) हातात चुरा होतं, पण तुमची १९९० ची, तो ताप वाचला.

तेलकट_बाही

गिअरबॉक्स उतरवू नका, आधी फ्लेम ट्रॅप बघा. इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतल्या, वाफा परत खेचणारी नळी आहे, तिच्यात छिद्रांची छोटी प्लास्टिकची चकती बसते. ती आणि मॅनिफोल्डकडे जाणारी बारीक नळी काजळीने बुजली की क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि तेल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. मागचं सील ही त्याची आवडती वाट. नवं सील बसवाल तर तेही ढकललं जाईल.

चाचणी सोपी. इंजिन गरम, आयडलवर (गाडी उभी, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता). तेल भरायचं झाकण काढून तोंडावर पातळ रबरी हातमोजा धरा. आत ओढला गेला तर ठीक, फुगला तर नळी बुजलेली. चकती, तिचं घर, सगळ्या नळ्या आणि ब्लॉकवरची तेल वेगळं करणारी डबी एकदमच बदला. मग इंजिन धुऊन १००० किमी चालवा. त्यानंतरही गळत असेल तर सील.

अर्ध्या टाकीनंतरचे झटके: २४० ला दोन पंप आहेत, एक टाकीत, दुसरा मोठा गाडीच्या पोटाखाली. टाकीतला मेला किंवा त्याची आतली रबरी नळी फाटली, तरी टाकी भरलेली असेपर्यंत मोठा पंप ओढून घेतो. पातळी उतरली की तो हवा ओढायला लागतो, घरघरतो आणि थोड्या दिवसांत तोही जातो. टाकी वेल्डिंगसाठी उतरतेच आहे, तर टाकीतला पंप, जाळी आणि नळी तेव्हाच बदला. नळी पेट्रोलमध्ये बुडून राहू शकेल अशीच घ्या. साधी फ्यूएल नळी बाहेरून पेट्रोल लागलं की मऊ होते.

फ्यूएल पंपाचा रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच) उघडून झाळ (सोल्डर) भिंगाखाली पाहा. पिनेभोवती केसासारखी गोल चीर दिसते, गरम झाली की संपर्क सुटतो. पुन्हा झाळ मारून चालतं, पण एक नवा गाडीत ठेवा. इंजिनच्या मागे बेलहाउसिंगवरच्या (इंजिन-गिअरबॉक्स जोडाच्या आवरणावरच्या) आरपीएम सेन्सरची, म्हणजे इंजिनचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरची, वायरही तशीच; आवरण तडकलं असेल तर सेन्सर बदलूनच टाका.

काटा नाचतोय तर आधी खरं तापमान दुसऱ्या थर्मामीटरने मोजा. या वर्षांच्या मीटरमध्ये काटा स्थिर दाखवण्यासाठी एक छोटं सर्किट घातलेलं आहे, ते बिघडलं की इंजिन ठणठणीत असताना काटा लाल रेषेकडे धावतो. पण म्हणून कूलंट, थर्मोस्टॅट आणि एक्सपान्शन टाकीचं झाकण सोडू नका.

दुसरा_गिअर

सगळं बरोबर, पण ब्रेकचा विषय कोणी काढलाच नाही? उभ्या राहिलेल्या गाडीत पहिलं काम ते. एबीएस नसलेल्या २४० च्या पुढच्या प्रत्येक कॅलिपरला दोन होज असतात, कारण दोन्ही सर्किट पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या एकेका चाकाला जातात. म्हणून होज मोजताना पुढचे चार धरा. होज बाहेरून चांगले दिसले तरी आतून सुजतात. पॅडल सोडल्यावर चाक अडकून राहत असेल तर कॅलिपर खोलण्याआधी होज बदला. ब्रेक ऑइल डॉट ४, आणि हवा काढायचा क्रम मॅन्युअलप्रमाणेच. नेहमीच्या सवयीने भलत्याच क्रमाने केलं तर पॅडल स्पंजी राहू शकतं. टायरवरचे शेवटचे चार आकडे, आठवडा आणि वर्ष, तेही वाचा. नक्षी शाबूत आहे म्हणून जुने टायर सामानासकट हायवेवर चालवू नका.

लांबगाडी

हातमोजा चांगलाच फुगला. चकती काढली तर एकही छिद्र मोकळं नव्हतं. आरपीएम सेन्सरची वायरही तडकलेली आहे. बोनेटखालच्या तपासणी डबीत वायर २ नंबरला घालून बटण दाबलं, दिवा लुकलुकून १-२-१ हा बिघाडाचा कोड दाखवतो. म्हणजे एअर मास मीटर (आत जाणारी हवा मोजणारा) घ्यावा लागणार का?

तेलकट_बाही

लगेच नको. १-२-१ म्हणजे मीटरचा सिग्नल चुकीचा, मीटर मेला असं नाही. मीटर आणि थ्रॉटलच्या मधला रबरी भाता काढा आणि वाकवून घड्यांच्या आत पाहा, चीर तिथे लपते. प्लगच्या पिना स्वच्छ करा, कोड पुसा, ५० किमी चालवा. पुन्हा आलाच तर प्लग काढून चालवून बघा: एलएच २.४ ठरावीक अंदाजावर इंजिन कसंबसं चालवतो. प्लग काढल्यावर गाडी आधीपेक्षा बरी चालली तर मीटर गेलाय.

टायमिंग बेल्टची तारीख माहीत नसेल तर तोही आताच. या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला आदळत नाहीत, गाडी फक्त जागेवर थांबते. क्रँक आणि कॅमसोबत मधल्या शाफ्टची खूणही जुळवा, २४० मध्ये डिस्ट्रिब्युटर त्याच्यावरच फिरतो. पुढच्या पुलीवरच्या खुणेवर डोळे झाकून विसंबू नका. तिच्यातलं रबर सुटलं की बाहेरचा कडा सरकतो आणि खूण खोटी पडते. बेल्ट ८०,००० किमीला बदलायचा, पण ओडोमीटर चालू आहे का ते आधी बघा. त्याचं छोटं प्लास्टिकचं चाक तुटतं, वेग दिसत राहतो आणि आकडा मात्र पुढे सरकत नाही.

पाना_तेरा

गिअरबॉक्सचं एक राहिलं. तेल जळकट वासाचं नसेल तर कूलरची परतीची नळी सोडून बदला: पॅनमधलं काढा, तेवढंच भरा, इंजिन चालू करून २ लिटर बाहेर येऊ द्या, बंद करा, २ लिटर भरा, स्वच्छ लाल येईपर्यंत. ८–९ लिटर डेक्सरॉन (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) हाताशी ठेवा. इंजिन चालू ठेवून भरत बसू नका, पंप कोरडा पडतो. पातळी गरम झाल्यावर, आयडलवर, पी मध्ये मोजायची.

आणि चौथा गिअर पडत नसेल तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी डॅशवरचा पिवळा बाण बघा. तो पेटलेला असेल तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हाच चौथा गिअर, फक्त बटणाने बंद आहे. विझलेला असूनही चौथा येत नसेल तर त्याचा रिले उघडा, तिथेही झाळीला तशीच चीर सापडते.