शिनोंच्या रेड वाइनला ढोबळी मिरचीचा वास: बाटली बिघडली आहे का?

गाळणी
शिनोंची, म्हणजे फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातल्या त्या गावाच्या वाइनची, तीन वर्षं जुनी बाटली आहे, अल्कोहोल 12.5 टक्के. लेबलवर द्राक्षाचं नाव नाही. बूच काढताच आधी हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, मागून रासबेरीचा. फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर शेवटी जीभ तुरट-कडू होते. डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून ओतायच्या काचेच्या भांड्यात) दोन तास ठेवूनही मिरची हटत नाही. हा दोष आहे का? आणि सोबत खायला काय? करपवलेला स्टेक आणि पिकलेलं ब्री चीज, दोन्हींशी पटलं नाही.

तळघर
दोष नाही, हा द्राक्षाचा गुण. शिनोंची रेड म्हणजे कॅबर्ने फ्राँ हे द्राक्ष. नियमाने कॅबर्ने सोव्हिन्यों हे दुसरं द्राक्ष 10 टक्क्यांपर्यंत चालतं, पण बरेच जण तेही घालत नाहीत. तिकडे या द्राक्षाला 'ब्रतों' म्हणतात.

मिरचीचा वास मेथॉक्सीपायराझीन या द्राक्षातल्याच रसायनाचा, आणि खऱ्या ढोबळी मिरचीतही तोच असतो. घडावर ऊन पडलं आणि द्राक्ष नीट पिकलं की तो घटतो. लोआरचं खोरं थंड, त्यात वेलीवर पीक जास्त ठेवलं तर वास उरतोच. तो हवेने उडत नाही, त्यामुळे डिकँटरचे दोन तास फुकट गेले; गेला असेल तर फळाचा वासच.

बिघडलेली बाटली वेगळी कळते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि फळ मेलेलं, तर बूच खराब. तबेल्याचा वास आला तर ब्रेटानोमायसेस हे यीस्ट. कुजक्या अंड्याचा वास मात्र ग्लास फिरवला की बहुधा दहा-पंधरा मिनिटांत जातो, त्याला घाबरू नका.

तुरटपणा थंडीमुळे. 4-5 अंशांवर टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरट घटक) आणि कडूपणा टोचतो, फळ झोपलेलं असतं. तरुण शिनों 14-15 अंशांवर प्या, जुनी आणि भरदार असेल तर 16-17. खोलीत 25 अंश असतील तर बाटली दीड तास फ्रिजमध्ये, नाहीतर बर्फ घातलेल्या पाण्यात आठ-दहा मिनिटं. 20 च्या वर गेली की अल्कोहोल नाकात चढतो, तेही नको.

चुलीपाशी
स्टेक न जुळण्याचं कारण करपलेली कड. तो कडूपणा या हलक्या वाइनला पातळ करून टाकतो. ब्रीची पिकलेली साल टॅनिनशी भांडते.

तुरेनचंच, म्हणजे शिनोंच्याच भागातलं, खाणं घ्या. रियेत, म्हणजे डुकराचं मांस चरबीत मंद आचेवर रेषा सुटेपर्यंत शिजवून केलेलं, ब्रेडवर जाड थर देऊन. चरबी आणि मीठ टॅनिनची धार बोथट करतात. टॅरागॉन घातलेली भाजलेली कोंबडीही छान, कारण वाइनमधला हिरवा वास हिरव्या पाल्याशी जुळतो. चीज हवं तर सांत-मोर द तुरेन, मधोमध काडी असलेली बकरीच्या दुधाची ती राखाडी नळी. काडी आधी ओढून काढा, मग जाड चकत्या कापा. पण काही आठवडे मुरलेलीच घ्या. अगदी ताजी असेल तर आंबटपणावर आंबटपणा चढतो, तिथे शेनां द्राक्षाची पांढरी शिनों बरी.

गोडाला हात लावू नका. प्लमचा गोड सॉस असला की हीच वाइन आंबट-तुरट लागते.

गाळणी
तापमानाचं पटलं. मासा अजिबातच नाही का?

चुलीपाशी
तेलकट समुद्री मासा नको. वाइनमधलं लोह आणि माशाची चरबी मिळून तोंडात धातूची चव येते. पण त्या भागात वाम मासा रेड वाइनमध्येच शिजवतात, त्याला मात्लोत म्हणतात. एक किलो वामेला एक बाटली. वाइन आधी झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळू द्या, नाहीतर रस्सा कच्चा आंबट राहतो. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरू नका. कांदा, खारवलेलं डुकराचं मांस आणि मशरूम घातलं की मासा वाइनच्या बाजूला येतो, मग तीच वाइन पेल्यात चालते.

तळघर
पुढची बाटली घेताना जमीन कोणती ते विचारा. व्हिएन नदीकाठच्या वाळू-खडीतली शिनों हलकी, फळाची, लवकर प्यायची. तुफो या मऊ चुनखडीच्या उतारावरची घट्ट असते, चांगल्या वर्षाची दहा वर्षंही टिकते, आणि मुरता मुरता तिचं टॅनिन मवाळ होतं. कमी मिरची हवी असेल तर उबदार वर्षाची घ्या, 2018 उदाहरणार्थ. मात्र मिरची पुरती गेली तर ती शिनों मला तरी अर्धीच वाटते.