पाणी कुठंय म्हणता?

नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर राहायला गेलेल्या कुणीतरी लिहिलंय की खोलीतून पाणीच दिसलं नाही म्हणजे फसवणूक. मला तसं नाही वाटत. नाथसागर पसरट आणि उथळ. जायकवाडीचं पाणी उतरलं की काठ दूर सरकतो आणि उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेरा, म्हणजे त्या गाळातच पेरणी, करतात. आम्ही फेब्रुवारीत गेलो तर खोलीसमोर चक्क गहू! बुकिंग घेताना हे सांगायला हवं होतं, एवढी तक्रार माझीही आहे.

पण रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे तर हेच दिवस बरे. ते मान उलटी घालून उथळ, चिखलट पाण्यातच चरतात, तुडुंब पाण्यात त्यांचं काय काम? तिथल्या मामांनी पहाटे पाचला उठवून नेलं. पक्षी पोटभर दिसले. माझी एक चप्पल मात्र गाळातच राहिली, बूट घालून जा.