अनुभव धागा: ती गप्प का, ते फक्त आपल्याला ठाऊक असतं

पणजी-मडगाव बसमध्ये हल्ली निम्म्या सिटांवर उभ्या मोबाईलवर दीड-दोन मिनिटांच्या मालिका चालू असतात. गोष्ट ठरलेली. सगळे ज्याला हिणवतात तो घरजावई, झाडूवाला किंवा टाकलेली बायको कंपनीची मालक निघते, आणि हिणवणाऱ्यांची तोंडं पडतात. शेवट पहिल्याच भागात कळतो, तरी बोट थांबत नाही. तुमचं काय होतं ते लिहा. ‘टाइमपास’ एवढंच उत्तर असेल तर राहू द्या.

कळंगुट, हॉटेल रिसेप्शन
डिसेंबरात एका पाहुण्याने खोलीतून समुद्र दिसत नाही म्हणून चावी काउंटरवर आपटली. बुकिंग त्याने स्वतःच बागेकडच्या खोलीचं केलेलं, माझ्या स्क्रीनवर दिसत होतं. मी ‘सॉरी सर’ म्हटलं. तसंच म्हणायचं असतं. त्या रात्री पाहिलेल्या भागात वेट्रेसच्या अंगावर वाइन ओततात. ती एप्रन पुसते आणि नुसती घड्याळाकडे बघते. हॉटेल तिच्या आजोबांचं आहे हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. पुढची थोबाडीत मारामारी मला कंटाळवाणी वाटते. ते घड्याळ बघणं मात्र मागे नेऊन नेऊन पाहिलं.

फोंडा
सासूबाईंना ॲप मीच घालून दिलं. आता त्याच मला विचारतात, “गो, ही उलयना कित्याक?” आणि उत्तरही स्वतःच देतात: गप्प राहते तीच शहाणी. त्यांच्या लग्नातल्या पाटल्या नणंदेच्या लग्नात गेल्या. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत, मला शेजारणीकडून कळलं. पण मालिकेतली सासू गुडघ्यावर आली की यांची विळी थांबते. (तुम्ही त्या सासूच्या बाजूने का नाही, असं विचारायची माझी छाती नाही.)

पेडणे, निवृत्त शिक्षक
हे सगळं आम्ही जत्रेत पाहिलेलं. दशावतारात अज्ञातवासाचं आख्यान लागलं की बल्लव झालेला भीम मुदपाकखान्यात. सैरंध्री रडत येते, आणि तो लगेच उठत नाही. संवाद लिहिलेले नसतात, नट जागच्या जागी रचतो, त्यामुळे कसलेला भीम तो थांबा हवा तेवढा ताणायचा. आपण कोणाशी गाठ घालून घेतोय हे कीचकाला ठाऊक नाही, पुढे बसलेल्या पोरांना ठाऊक आहे. पहाटेपर्यंत बसायची तयारी असायची म्हणून ते रंगायचं. दीड मिनिटात भीमाची कणीकसुद्धा मळून होत नाही.

पर्वरी, आयटी
सर, ताणतात इथेही, फक्त पैसे घेऊन. सुरुवातीचे भाग फुकट. मग उगारलेला हात हवेत असताना कॉइन मागतात. सूड विकत नाहीत, सुडाच्या आधीचा क्षण विकतात. हा धंदा चीनमध्ये वाढला. तिथे २०२४ मध्ये या मालिकांची उलाढाल सुमारे ५,००० कोटी युआन धरली गेली, म्हणजे थिएटरांच्या तिकीटविक्रीपेक्षाही जास्त. गर्विष्ठ कोट्यधीश नायकांचा अतिरेक आवरा, असं तिथल्या सरकारी नियामकालाही सांगावं लागलं. उलट अमेरिकेतलं क्विबी हे छोट्या भागांचं ॲप मोठे स्टार घेऊन एप्रिल २०२० मध्ये आलं आणि डिसेंबरात बंद. लॉकडाउन, महाग वर्गणी, कारणं बरीच असतील. माझ्या मते त्यांना थप्पड कुठे तोडायची ते जमलं नाही.

वास्को
माझी आई एका ऑफिसात सफाईचं काम करते. तिला एक मालिका दाखवली. झाडूवाली मालकीण निघाली, सगळे माफी मागू लागले. आई म्हणाली, “आणि ती खरीच झाडूवाली असती तर?” तेव्हापासून मला एकही धड बघवत नाही. माफी तिची नाही, तिच्या शेअर्सची मागतात.

साखळी
वास्कोकर, पटलं. पण खरीच झाडूवाली असती तर मी बघितलीच नसती, ते ऑफिसात रोज बघते. फोंडेकरबाई, सासूबाई कुठली मालिका बघतात, नाव टाका. आमच्या आईचे कॉइन संपलेत आणि ती माझ्या फोनच्या मागे लागली आहे.