ट्राउटसाठी नदीत उतरायचे बूट: फेल्ट की रबर?

गळकरी_पुणे:
मंडळी, एप्रिलमध्ये हिमाचलमधल्या तीर्थन व्हॅलीला ट्राउटसाठी चाललोय आणि डिसेंबरात भावाकडे न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला, तिकडेही गळ टाकायचाच आहे. आत्तापर्यंतची सगळी मासेमारी धरणाच्या काठावर, फार तर गुडघाभर पाण्यात सँडल घालून, त्यामुळे वेडिंग बूट (नदीच्या पाण्यात उतरून चालायचे बूट) हा प्रकार नवीनच. दुकानदार म्हणतो फेल्ट सोल (नमद्यासारख्या दाबलेल्या तंतूंचा) घ्या, यूट्यूबवाले म्हणतात रबर, आणि किमती बघून डोळे फिरले. एकच जोड दोन्हीकडे चालवायचा तर काय घेऊ? ट्रेकिंगचे शूज का चालत नाहीत तेही सांगा, घरी पटवायचंय 😅

किवी_काका:
फेल्टचा विषय इथेच संपवा. न्यूझीलंडमध्ये २००८ पासून गोड्या पाण्यातल्या मासेमारीला फेल्ट सोलवर बंदी आहे. २००४ मध्ये साउथ आयलंडच्या लोअर वायाउ नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. त्याची एक पेशीसुद्धा नव्या नदीत पसरायला पुरते आणि फेल्ट पाणी धरून ठेवतं, लवकर वाळत नाही, म्हणजे तुम्हीच ते या नदीतून त्या नदीत नेणार. येताना बूट, वेडर (पाण्यात उतरायची वॉटरप्रूफ पँट), जाळी सगळं विमानतळावर डिक्लेअर करा, वापरलेलं असेल तर घासून पूर्ण वाळवून आणा. लपवलं आणि सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. नदी बदलतानाही तेच, हाताला आतबाहेर कोरडं लागल्यावर आणखी ४८ तास ठेवायचं, नाहीतर भांड्याच्या लिक्विडचं ५ टक्क्यांचं पाणी करून धुवायचं.

सह्याद्री_टू_सैंज:
काकांचं बरोबर, पण फेल्टला उगाच वाईट म्हणू नका, बुळबुळीत दगडावर त्याच्याइतकी पकड कशालाच नाही. दगडावर शेवाळाचा जो चिकट थर असतो त्यात फेल्टचे तंतू घुसून खालच्या दगडाला टेकतात. ट्रेकिंगच्या शूजची नक्षी मातीत रुतायला केलेली असते, इथे ती थरावरच तरंगते आणि आपण आडवे. शिवाय आत पाणी भरलं की निघत नाही, वेडिंग बूटाला त्यासाठी भोकं असतात. पण फेल्ट चिखलात आणि ओल्या गवताच्या उतारावर बेकार, आणि तीर्थनला पाण्यापर्यंत जायच्या वाटा बऱ्याचदा तशाच.

म्हणून मऊ रबर + टंगस्टन कार्बाइड या कठीण धातूचे स्टड (सोलला बसवायचे छोटे खिळे). नुसतं रबर हिरव्या दगडावर घसरतं, स्टड तो थर खरवडतात. फक्त होमस्टेच्या फरशीवर ते घालून चालू नका, घसराल आणि मालक ओरडेल ते वेगळंच. वेडरला जोडलेले निओप्रीनचे (फोमसारख्या रबराचे) मोजे जाड असतात, एक नंबर मोठा घ्या आणि तेच मोजे घालून ट्राय करा.

पाणकावळा:
सोल बदलता येणारे बूट मिळतात की, कॉर्कर्सचे वगैरे. हिमाचलला फेल्ट लावा, तिकडे रबर.

किवी_काका:
सोल बदलला तरी बूट तोच ना रे, अस्तर आणि नाड्याही ओल्या होतातच. आणि तीर्थनमध्ये बाहेरचं काही नेलं तर चालतं असं थोडंच आहे?

स्क्रूवाला:
बजेट नसेल तर जुन्या जाड सोलच्या बूटांना षटकोनी डोक्याचे पत्र्याचे स्क्रू मारा, साधारण १० मिमी लांबीचे, टाचेला आणि चवड्याच्या कडेला. आधी सोलची जाडी मोजा नाहीतर टोक पायात. पडतात अधूनमधून, खिशात चार जास्तीचे ठेवायचे. तीर्थनला धकून जाईल, काकांकडे मात्र नीट बूट घेऊन जा.

सह्याद्री_टू_सैंज:
एक राहिलं. बूटाइतकीच काठी महत्त्वाची, दोरीने पट्ट्याला बांधलेली. आणि एप्रिलपासून बर्फ वितळायला लागलं की दुपारनंतर पाणी चढतं, पलीकडे जायचं तर सकाळीच जा आणि परत यायची वेळ धरून जा. खाली लारजीला तीर्थन बियासला मिळते तिथून पुढे तर मासे कितीही दिसोत, पात्रात उतरू नका. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून पाणी सोडलं आणि थलौटजवळ हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. तिथे कुठलाच सोल कामाचा नाही. लायसन्स मत्स्य विभागाकडून काढा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, एप्रिलला अडचण नाही.

गळकरी_पुणे:
धन्यवाद सगळ्यांना. रबर + स्टड फायनल, काठी ट्रेकिंगचीच चालेल ना? स्टडवाले बूट विमानात केबिन बॅगेत टाकले तर अडवतील का?

किवी_काका:
काठी चालेल, फक्त पाण्यात लॉक निसटत नाही ना बघा. बूट आणि काठी दोन्ही चेक-इनमध्ये टाका, कशाला वाद घालत बसता.