निकॉन एफच्या लेन्सवरील दोन कानांचा तुकडा कशासाठी असतो?

प्रश्न:
घरातील निकॉन एफ हा जुना फिल्म कॅमेरा, त्यावरील फोटोमिक एफटीएन या प्रकाश मोजणाऱ्या मीटरसह, पुन्हा वापरात आणायचा आहे. ५० मिमी लेन्सच्या ॲपर्चर रिंगवर (प्रकाश आत येण्याचे छिद्र लहान-मोठे करणाऱ्या कड्यावर) दोन कान असलेला धातूचा तुकडा स्क्रूने बसवलेला असून तो पिशवीच्या अस्तरात सारखा अडकतो. १३५ मिमी लेन्सवरील तशाच तुकड्याच्या कानांना मात्र भोके आहेत. हे तुकडे काढले तर चालेल का? शिवाय फ्लॅशची जागा रिवाइंड नॉबपाशी (फिल्म परत गुंडाळण्याच्या खुंटीपाशी) का दिली असावी?

उत्तर १:
कृपया तो तुकडा काढू नका, कारण तुमच्या मीटरचे सारे काम त्यावरच अवलंबून आहे. फोकस करताना व्ह्यूफाइंडर उजळ दिसावा म्हणून लेन्स पूर्ण उघडी राहते आणि शटर दाबल्यावरच ॲपर्चर निवडलेल्या आकड्यापर्यंत मिटते. त्यामुळे तो आकडा मीटरला आधीच कळवावा लागतो. मीटरच्या पुढच्या बाजूची पिन या दोन कानांच्या मध्ये अडकते आणि रिंग फिरवली की तीही सरकते. लेन्स चढवताना रिंग ५.६ वर ठेवावी आणि नंतर दोन्ही टोकांपर्यंत एकदा फिरवावी, म्हणजे लेन्सचे कमाल ॲपर्चरही मीटरला कळते. ही जुळणी निव्वळ यांत्रिक असूनही इतकी नेमकी आहे, याचे मला आजही कौतुक वाटते.

उत्तर २:
भोके असलेली रचना १९७७ मध्ये आलेल्या एआय (कमाल ॲपर्चर कॅमेऱ्याला आपोआप कळवणाऱ्या) लेन्सची आहे. त्या लेन्सवर माउंटलगत (लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते तिथे) बारीक आकड्यांची दुसरी ओळ असते आणि त्या काळच्या काही नव्या कॅमेऱ्यांत ती व्ह्यूफाइंडरमधूनच वाचता येते. त्या आकड्यांवर कानांची सावली पडू नये, उजेड पोहोचावा, एवढ्यासाठी ती भोके आहेत. जुन्या मीटरशी जुळावे म्हणून कान मात्र कायम ठेवले गेले.

उत्तर ३:
फ्लॅशबद्दल सांगायचे, तर या कॅमेऱ्याचा प्रिझम (वरचा व्ह्यूफाइंडरचा भाग) काढून दुसरा बसवता येतो, त्यामुळे फ्लॅशचा संपर्क मुख्य बॉडीवर ठेवणेच सोयीचे होते. त्यात एक अडचण राहिली: रोल गुंडाळण्यापूर्वी फ्लॅश उतरवावा लागतो. मीटरमध्ये मूळच्या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटऱ्यांऐवजी आजच्या १.५ व्होल्टच्या घातल्यास रीडिंग चुकू शकते, म्हणून पहिला रोल भरण्यापूर्वी ते दुसऱ्या मीटरशी ताडून पाहावे.