चर्चच्या सणाला कॅटरर आणि ऑर्केस्ट्रा: समाज जोडतोय की नुसते पाहुणे जमवतोय?

आगाशीवाला: आमच्या धर्मग्रामाच्या (म्हणजे पॅरिश, एका चर्चखालचा परिसर; वसई तालुका) सणाची मीटिंग झाली. जेवण कॅटररला, मंडप कॉन्ट्रॅक्टरला, रात्री ऑर्केस्ट्रा, आणि घरटी वर्गणी वाढवली. माझा याला स्पष्ट विरोध आहे. आधी सणाच्या आदल्या रात्री हॉलच्या मागे पोत्याने कांदा चिरायला बसायचे लोक, सामवेदी, वाडवळ, कोळी सगळे, आणि ज्या दोन भावांचं बांधावरून बोलणं बंद तेसुद्धा एकाच टोपाखाली लाकडं सारायचे, बोलल्याशिवाय चालायचंच नाही ना, टोप उतरवायला चार हात लागतात. आता सगळे नवे कपडे घालून येणार, प्लेट घेणार, निघून जाणार. मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) एकत्र ऐकली म्हणजे समाज झाला असं मला वाटत नाही.

भुईगावची सून: दादा, कांदा चिरायला बायका बसायच्या हे लिहा आधी. पुरुष टोपापाशी उभे राहायचे. सण संपल्यावर ढीगभर भांडी कोण घासायचं? आम्ही. दुसऱ्या दिवशी सकाळी विरार लोकल पकडून कामाला पण आम्हीच. कॅटरर आला तेव्हा कुठे मला सणाआधीच्या नोव्हेनाचे नऊ दिवस शांतपणे प्रार्थनेला बसता आलं. माझा कॅटररला पूर्ण पाठिंबा.

स्टेशनजवळ राहणारा: आम्ही मंगलोरकडचे, बिल्डिंगमध्ये राहतो, इंग्लिश मिस्सेला जातो. आमच्याकडे सणाआधी फक्त पावतीपुस्तक येतं. काम कधी कोणी विचारलंच नाही. नोटीस मराठीत, मीटिंग मराठीत, मुलं शाळेत शिकली म्हणून मला वाचून दाखवतात. संत गोन्सालो गार्सिया वसईचेच ना? जपानमध्ये मिशनऱ्यांचे दुभाषे होते ते, १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारले गेले. त्यांच्या गावात दोन भाषांत नोटीस लागायला काय हरकत आहे? जुन्या कांद्याच्या आठवणीत आम्ही कुठेच नव्हतो, हे पण बघा.

आगाशीवाला: तुमचं म्हणणं लागलं, आणि उत्तर शास्त्रातच आहे. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय. यरुशलेमात रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जातायत अशी तक्रार झाली. प्रेषितांनी नुसती समजूत नाही काढली, सात माणसं निवडून वाटपाचं काम त्यांच्या हातात दिलं, आणि त्या सातांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप, सगळी ग्रीक! एक निकलाव तर अंत्युखियाचा, मूळचा यहुदीसुद्धा नाही. म्हणजे ज्यांची तक्रार, बहुतेक त्यांच्यातलेच कारभारी. आपण तुमच्या बिल्डिंगवाल्यांना नोव्हेनाची एक संध्याकाळ आणि जेवणाचा हिशोब द्यायला हवा होता. कॅटरर आणला तर द्यायला काही उरतच नाही, म्हणून माझा विरोध.

साधा सण: मुळात जेवणच कशाला? प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात झापलंय, प्रभुभोजनाला जमता आणि एक उपाशी तर दुसरा पिऊन तर्र. मिस्सा, मिरवणूक, चहा, बस. उरलेले पैसे एखाद्या पेशंटच्या डायलिसिसला द्या, तेही समाज बांधणंच आहे.

आगाशीवाला: अहो पौल जेवू नका नाही म्हणाला, एकमेकांसाठी थांबा म्हणाला, तेहतिसावं वचन बघा. मदत द्यायलाच पाहिजे, ती ऑर्केस्ट्राच्या पैशातून द्या.

युथवाला: ऑर्केस्ट्रा काढला की आमची पोरं येणार नाहीत, हे मी चर्चच्या युथ ग्रुपमध्ये काम करतो म्हणून सांगतोय. त्याऐवजी नाटक बसवायचं, आपल्या मुलांचा बँड वाजवायचा तर प्रॅक्टिसला हॉल द्या, दर वेळी लग्नाचं बुकिंग असतं. वर्षभर दार बंद आणि सणाला समाज हवा, असं होत नाही. हॉल मिळाला तर ऑर्केस्ट्राला मीच विरोध करेन.

भुईगावची सून: नोव्हेनाच्या संध्याकाळी नव्या लोकांना द्या, हे पटलं. स्वयंपाकाचं नाही पटलं अजून. भांडी घासायला आणि झाडलोटीला पुरुषांची नावं आधी नोटीस बोर्डवर लावा, दोन्ही भाषांत लावा, मग बोलू. तोपर्यंत माझं मत कॅटररलाच.

स्टेशनजवळ राहणारा: भांड्यांच्या यादीत माझं नाव घाला. आमच्या मजल्यावरचे अजून दोघं येतील, रविवारी इंग्लिश मिस्सेनंतर विचारतो. इंग्लिश नोटीस मी लिहून देतो, मराठी मजकूर पाठवा.